टेंभीच्या घरचं जेवण

मावशी, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी रीत नव्हती. एसटीच्या कंडक्टरपासून रेशनवाल्यापर्यंत कोणाशीही जुंपलं तरी शेवटचा शब्द तुझाच असायचा. आणि माझ्याशी, सख्ख्या बहिणीच्या पोराशी चाललेलं भांडण मात्र तू "उद्या पाहू, बाबू" म्हणून उशाशी ठेवलंस, आणि उद्या उजाडायच्या आत निघून गेलीस. याला पळून जाणं म्हणतात. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तू त्याला अख्ख्या गावात तोंड दाखवू दिलं नसतं.

तेव्हा आता मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये मध्ये "हट्, बह्याडा" म्हणायची सोय राहिलेली नाही, त्याला माझा इलाज नाही. तुझ्यासमोर बसलो की मी मले-तुले करायचो आणि लिहायला बसलो की मला-तुला. यावरून तू किती हसायचीस! "पेन हातात घेतला का तू पुण्याचा जावई होते," म्हणायचीस. आताही पेनच हातात आहे. सांभाळून घे.

एक गोष्ट तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. तू बेलबोडीची चेटकीण होतीस. म्हणजे गाव तसं मानायचं. आणि मी, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात शिफ्टा करणारा तुझा भाचा, पोरापोरींसाठी एक कादंबरी लिहीत होतो. टेंभी नावाची पंधरा वर्षांची पोरगी, तिला जादू येते, आणि गाव तिला घाबरतं. सगळी कादंबरी लिहून झाली होती. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं आणि ते तू अडवलं होतंस. तुझा एकच प्रश्न होता. "शेवटी त्या पोरीच्या घरी कोणी जेवते का नाई?"

तू हे कोणाबद्दल विचारत होतीस ते मला कळत होतं. तुलाही माहीत होतं की मला कळतं आहे. पण आपण दोघंही शेवटपर्यंत टेंभीचंच नाव घेत राहिलो.

तू चेटकीण कशी झालीस ते तू इतक्या वेळा सांगितलं आहेस की मला पाठ आहे. समोरच्या घरातल्या गणपतभाऊनं तुझ्या धानाच्या बांधीचं पाणी तोडलं. तू बांधावर उभं राहून म्हणालीस, "जळन तुही मोटर!" आणि दुपारपर्यंत मोटर जळली. त्या दिवशी वीज नुसती नाचत होती, आजूबाजूच्या गावांतही मोटरी जळाल्या होत्या. पण त्या मोटरींना कोणी शाप दिला नव्हता, म्हणून त्यांची कोणी दखल घेतली नाही. तिथून पुढं गावात कोणाची म्हैस आटली, कोणाचं लग्न मोडलं, कोणी दहावीत नापास झालं, की सगळं तुझ्या नावावर जमा. गणपतभाऊच्या पोराचा इंग्रजीचा पेपरसुद्धा तूच बिघडवला होतास. तुला तर ए-बी-सी येत नव्हती.

मी एकदा विचारलं होतं, "मावशी, तू नाही म्हणून का सांगत नाहीस?"

"नाई म्हटलं तं कोणी मानत नाई," तू म्हणालीस. "हो म्हटलं तं गाडीत बसाले जागा भेटते."

ते खरंच होतं. मूल गावच्या बाजाराच्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसायची, पण तू चढलीस की खिडकीजवळची सीट आपोआप मोकळी व्हायची आणि शेजारची पण. मी लहानपणी त्या शेजारच्या सीटवर पाय पसरून बसायचो. तुझ्या वाडीतली पपई चोरायची कोणाची टाप नव्हती. अख्ख्या बेलबोडीत झाडावर पिकून पिवळी झालेली पपई फक्त तुझ्याकडे बघायला मिळायची. बाकी सगळीकडे हिरवी असतानाच गायब.

पण एक संध्याकाळ अशी होती की ती तू कितीही हसत सांगितलीस तरी मला हसू यायचं नाही. आजही येत नाही. गावात तापानं एक लेकरू गेलं होतं. मावसा तेव्हा जिवंत होता, पण बाजाराला गेलेला. माणसं तुझ्या अंगणात जमली, काहींच्या हातात काठ्या होत्या. तू बाहेर आलीस, सगळ्यांकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, "आले तं बसा. च्या मांडते."

आणि खरंच मांडलास! गंज भरून चहा केलास, कप बशीत ठेवलास आणि सगळ्यात पुढच्या माणसासमोर धरलास. तो एक पाऊल मागं सरकला. तू दुसऱ्याकडे वळलीस, तो दोन पावलं सरकला. चेटकिणीच्या हातचा चहा कोण पिणार? तू कप घेऊन पुढं पुढं आणि काठ्या घेतलेली माणसं मागं मागं, असं करत करत अंगण रिकामं झालं. "काठी नाई, कोयता नाई," तू सांगायचीस, "एका कपानं गाव हाकललं मी." आणि इतकं हसायचीस की डोळ्यांत पाणी यायचं. मी त्या पाण्याबद्दल कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळनंतर बेलबोडीत कोणीही तुझ्या घरी घोटभर पाणी प्यायलं नाही. भांडण नव्हतं कोणाचं. दारात उभं राहून बोलायचे, शेण-गोवऱ्या मागायचे, तुला लग्नाची पत्रिकाही द्यायचे. पण तू लग्नात नेलेले लाडू गुपचूप गाईला जायचे. आणि तू? तू रोज सकाळी चहा मांडताना दोन कप जास्तीचे टाकायचीस. "कोणी आलं तं?" कोणी यायचं नाही. मग ते दोन्ही कप तूच प्यायचीस आणि दिवसभर पित्त झालं म्हणून ओरडायचीस.

मी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडे महिना महिना जेवायचो. गावातली पोरं माझ्याकडे फार आदरानं बघायची. हा आज ना उद्या घुबड होणार, अशी त्यांची खात्री होती. एकानं तर मला हळूच विचारलं होतं, झालास तर रात्री आमच्या घरावर बसू नको बरं. मी त्याच्याकडून बोरं घेऊन तसं वचन दिलं.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत! सकाळी सकाळी पोरं मारबत, म्हणजे बाईचा एक पुतळा, घेऊन निघायची. गावातली रोगराई, खोकला, ढेकूण, सगळं "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत तिला शिवेबाहेर नेऊन टाकायची. तुझ्या दाराशी आली की त्यांचा आवाज चढायचा. दुसरी कोणी असती तर दार लावून बसली असती. तू पदर खोचून बाहेर. "थांबा रे पोट्टेहो! मायाकडचंबी न्या. माई गुडघेदुखी न्या. उंदरं न्या. अन् ह्या गणपतभाऊचा रेडिओ न्या, कान किटले माये!" पोरं ओरडायची विसरून हसायला लागायची आणि समोरच्या घरात रेडिओ बंद व्हायचा. मग सगळे गेल्यावर एकदा तू उंबऱ्यावर बसून मला म्हणालीस, "बाबू, सारे मिळून तिले शिवेबाहेर फेकतेत. मंग ते जाते कुठी?"

टेंभी तिथूनच आली. शिवेबाहेर टाकलेली पोरगी पुढं कुठं जाते, ती गोष्ट लिहायची असं मनात बसलं ते बसलंच. म्हणजे कादंबरी माझी असली तरी पोरगी तुझी होती. ती तुझी होती म्हणूनच तू माझ्या डोक्यावर बसलीस.

मोतीबिंदू काढायला तू ऊर्जानगरला आमच्या क्वार्टरवर आलीस आणि डोळ्यावर पट्टी घेऊन पलंगावर बसलीस, तेव्हा मला वाटलं, झकास, हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. कुठं पळून जाणार नाही. फर्स्ट शिफ्ट करून यायचं, अंगावरचा कोळसा धुवायचा आणि तुला एक प्रकरण वाचून दाखवायचं. मला कौतुक हवं होतं. काय मिळालं ते तुझ्या बहिणीच्या पोराच्या जिवाला विचार.

पहिल्याच प्रकरणात टेंभी झाडूवर बसून उडाली. तू पट्टीखालून ओरडलीस. "फड्यावर बसली? लक्ष्मी असते ते! लक्ष्मीवर बूड टेकवते का कोणी? कोणत्या घरची पोरगी होय हे?" मी म्हणालो, मावशी, जादूच्या गोष्टीत चालतं. "जादू असन तुही. वळण तं पाहिजे का नाई?" मग तूच सुचवलंस, "उडाचंच असन तं रेंगीत बसव. बूड तं नीट टेकन." म्हणून माझ्या कादंबरीत बैल नसलेली रेंगी, आपली छोटी बैलगाडी, हवेतून उडते. प्रकाशकाला तेच सगळ्यात जास्त आवडलं. मी त्याला सांगितलं नाही की कल्पना तुझी आहे. आता इथं सांगतो.

प्रकाशकाला वाघ हवा होता. तुम्ही ताडोब्याच्या बाजूचे, तुमच्या पुस्तकात वाघ नाही म्हणजे काय! म्हणून मी आठव्या प्रकरणात वाघ घातला. चांगला पानभर घातला, डरकाळीसकट. तू जांभई दिलीस.

"ह्याले काऊन आणलं?"

"वाघ आहे, मावशी. थरार."

"वाघ तं रोजच येते. परवा बोडीवर पाणी प्याले आलता, पोलीस पाटलाची कालवड नेली. त्यात का जादू आहे? जादूची गोष्ट आहे नं, तं कधी न झालेलं सांग."

"म्हणजे काय सांगू?"

"आठ दिवस सरळ लाइट होती म्हणून सांग."

वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला, वीज केंद्राच्याच क्वार्टरमध्ये बसून! मंदा स्वयंपाकघरात इतकी हसली की पोळी करपली. माझ्या बायकोला तू पहिल्या दिवसापासून फितवून ठेवलं होतंस.

ऊर्जानगरला तुला कोणी ओळखत नव्हतं. तिथं तू फक्त डोळ्यांचं ऑपरेशन झालेली मावशी होतीस. दुसऱ्या दिवशी वरच्या क्वार्टरमधल्या तिवारीबाई बघायला आल्या. तू चाचपडत चहा केलास. कोणी मदत केली तर रागावलीस. तिवारीबाईंनी चहा बशीत ओतला, फुरका मारला आणि आणखी अर्धा कप मागितला. तुझा चेहरा मी पाहत होतो. तुझ्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं तू त्या बशीकडे बघत होतीस.

नंतर आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. "बशीत ओतून प्याली वं मंदा! फुरका मारून!" तुला राहवेना, म्हणून तू एक दिवस त्यांना सरळ सांगूनच टाकलंस, "बाई, हमारे गाँव में मेरे को सब लोग चेटकीण बोलते." तिवारीबाई म्हणाल्या, "अरे, तो क्या हुआ? मेरी सास भी है." आणि बिस्कीट मागितलं. मावशी, इतकी वर्षं वाट पाहिलीस आणि तुझा पहिला कप पार बिहारच्या बाईनं प्यायला.

आपलं खरं भांडण तिथून पेटलं. मी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. टेंभी गावाला पुरातून वाचवते. गाव हात जोडतं, परत ये म्हणतं. टेंभी एकदा वळून बघते आणि काही न बोलता जंगलात निघून जाते. धुकं. मागं फक्त रेंगीच्या चाकाचा आवाज. लिहिताना मलाच गहिवरून आलं होतं.

तू म्हणालीस, "अन् जेवण?"

"कसलं जेवण?"

"एवढं वाचवलं गाव, तं तिच्या घरी कोणी जेवलं का नाई?"

"मावशी, ती जंगलात गेली. तिला आता गावाची गरज नाही. ती मोकळी झाली."

"मोकळी झाली! एका जिवासाठी भाजी किती रांधाची, माहीत आहे का तुले? एक वांगं चिरलं तं उरते अन् अर्धं चिरलं तं पुरत नाई. मोकळी झाली म्हणते!" तू उठून बसलीस. "सारायले पंगतीले बसव. तिच्या अंगणात. तिच्या हातचं वाढ."

मी तुला समजावलं. म्हणालो, हे खोटं होईल. पोरं हुशार असतात, त्यांना असलं गोडगोड पटत नाही. माणसं अशी एका रात्रीत बदलत नाहीत.

"बदलतेत असं मी कुठी म्हटलं?" तू म्हणालीस. "जेवतेत म्हणून राह्यली मी."

मी आवाज चढवला. तूही चढवलास. मंदानं दोघांना गप्प केलं. पुढं पट्टी निघाली, तू बेलबोडीला परत गेलीस आणि भांडण फोनवर सुरू झालं. शेतातली लाखोळी कशी आहे, गुडघा कसा आहे, हे झालं की तू विचारायचीस, "जेवले का लोक?" मी म्हणायचो, नाही जेवले. तू फोन ठेवून द्यायचीस. साप्ताहिक सुट्टीला मी तुझ्याकडे आलो तेव्हाही तेच झालं. जेवणं झाली, तू गोधडी ओढलीस आणि म्हणालीस, "उद्या पाहू, बाबू." बस्स.

खांदा द्यायला गाव आलं, मावशी. खांद्याला बेलबोडी कोणालाच नाही म्हणत नाही. गणपतभाऊनं तर सगळ्यात आधी बांबू तोडून आणले. पण खांदा वेगळा आणि घास वेगळा. तेरवीचं, तेराव्या दिवसाच्या जेवणाचं, काय करायचं, तिथं सगळे नातेवाईक अडले. क्वार्टरवरच करा, असं सगळ्यांचं म्हणणं. गावात केली तर कोणी जेवणार नाही, अन्न उकिरड्यावर जाईल आणि मेल्यावरही बाईची शोभा होईल. मंदासुद्धा म्हणाली, "इथं तिवारीबाई तरी येतील."

मी म्हणालो, तेरवी बेलबोडीतच होईल. मावशीच्या अंगणात, आणि चूलबंद आवतन देऊन.

चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. मी आणि मंदा दारोदार फिरलो. काय सांगू तुला! आवतन ऐकलं की गावाचा देवधर्म एकदम जागा झाला. एकाला त्या दिवशी चतुर्थी होती, शेजारच्याला एकादशी, तिसऱ्याला सोमवार. पंचांगवाल्याला चक्कर आली असती. कोणी नाही म्हटलं नाही. "पाहू नं" म्हणाले. गणपतभाऊ खाटेवर बसून होता. त्यानं "हूं" केलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

मी घाबरलो, मावशी. मूलहून आलेल्या आचाऱ्याला मी अर्ध्याच गावाचा स्वयंपाक सांगितला. भात, वरण, वांग्याची भाजी, वडे, बुंदी. अर्धं गाव आलं तरी खूप झालं, असं मनाशी म्हणालो.

तेरवीच्या सकाळी मी तुझ्या अंगणात मांडवाखाली बसून राहिलो. पूर्वी बरं होतं. कोणाच्या कवेलूच्या छपरावरून धूर निघाला की कळायचं, यांनी चूल पेटवली, हे येणार नाहीत. आता घरोघरी गॅस. धूर नाही की काही नाही. मग मी काय केलं असेल? कुकरच्या शिट्या ऐकत बसलो. शिकलासवरला माणूस, एक कादंबरी नावावर होऊ घातलेली, आणि मान वाकडी करून कुकरच्या शिट्या ऐकतो आहे! मंदानं विचारलं, मान लचकली का? मी हो म्हणालो.

बराच वेळ एकही शिट्टी नाही. आणि मग समोरून, गणपतभाऊच्या घरातून, शिट्टी झाली. चांगली लांब. मग दुसरी. मोटर त्याची जळली होती. तुला घाबरायचा पहिला मान त्याचा होता. या बाबतीत गाव त्याच्याकडे बघून चालायचं. त्याच्या घरी कुकर लागला म्हणजे संपलं. तुला हे दिसत नाही हे किती बरं, असं मला वाटलं. आणि पहिल्यांदाच वाटलं की तू नाहीस ते बरं झालं, आणि त्या विचाराचा मला इतका राग आला की मी उठून उगाचच आचाऱ्यावर ओरडलो.

दुपार झाली. आणि फाटकाशी गणपतभाऊ. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. मागं गल्लीत सगळं गाव उभं, बायका, लेकरं, म्हातारे, चतुर्थीवाले, एकादशीवाले. आत कोणी येईना.

"या नं भाऊ," मी म्हणालो.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी आला. "बाबू, जित्ती होती तवा कुठी आहे ते दिसत तरी होतं. आता कोणत्या कोपऱ्यात बसून पाहून राह्यली, कोणाले माहीत? न जेवता गेलो तं सोडन का ते आमाले?"

मी रडायच्या तयारीत होतो आणि फसकन हसलो. तेरवीच्या घरी! गणपतभाऊ मात्र अगदी गंभीर होता.

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी पडल्या, भात पडला, वरण पडलं, भाजी पडली. आणि कोणी हात लावेना. लेकरांचे हात आयांनी धरून ठेवलेले. सगळे गणपतभाऊकडे बघत होते. त्यानं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत भाताचा गोळा केला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला. गाव श्वास रोखून बघतंय, आता पडतो की मग पडतो. त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा.

"मीठ कमी आहे," गणपतभाऊ म्हणाला.

आणि बेलबोडी जेवायला लागली. मावशी, काय जेवली! मीठ फिरलं, वरण फिरलं, वड्यांवरून दोन पोरांची मारामारी झाली. "भाजी इकडं आणा!" "ओ बाबूभाऊ, बुंदी!" ज्याचा सोमवार होता तो तिसऱ्यांदा भात मागत होता. माझ्यासोबत आलेले शिफ्टवाले मित्र वाढून वाढून घामाघूम झाले. दुसरी पंगत बसली आणि मंदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भात संपला."

मी गंजात बघितलं. खरडसुद्धा नव्हती. अर्ध्या पंगतीच्या पत्रावळीवर नुसतं वरण.

तेवढ्यात समोरून गणपतभाऊची बायको, भागाबाई, गल्ली ओलांडून आली. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेला कुकर. आत भात, न हात लावलेला, अजून गरम. "घ्या," ती म्हणाली. "सुनेसाठी लावला होता. पोटुशी आहे, म्हणून तिले नाई आणलं. घरीच जेव म्हटलं. तं खातच नाई. वांग्याचा वास घरात येऊन राह्यला, मले तिथलंच पाहिजे म्हणते." ती जरा थांबली. "देता का बाबू थोडं?"

पोटुशी बाई तुझ्या दारावरून जाताना पदर आडवा धरायची, मावशी. लांबच्या वाटेनं पाण्याला जायची. आणि हिला तुझ्या घरची भाजी हवी होती. मी गणपतभाऊकडे पाहिलं. तो हात धूत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दे गा, दे," तो म्हणाला. "वडेबी दे दोन."

मी डबा भरला. काठोकाठ भरला. भागाबाई तो पदराखाली घेऊन गेली आणि मी तुझ्या मागच्या वाडीत जाऊन पपईच्या झाडाखाली मोठमोठ्यानं रडलो. हे बघायला तू हवी होतीस. याचं दुःख मला आहे, ते जाणार नाही, आणि कोणी त्यावर फुंकर घालायला आलं तर मी त्याच्याशी भांडेन. तू मला जेवू घातलंस, गोष्ट दिलीस, रेंगी दिलीस. मी तुला फोनवर दर वेळी "नाही जेवले" एवढंच सांगत राहिलो. एकदा तरी हो म्हणायला काय जात होतं माझं? पण तू ओळखलं असतंस, खोटं बोलतो म्हणून.

सगळ्यांच्या मागून मी आणि मंदा जेवायला बसलो. आम्हाला गणपतभाऊच्या घरचा भात आला.

तू जिंकलीस, कबूल. पण अर्धीच. ते भीतीनं आले होते, हे मी सोडणार नाही. तू म्हणशील, आले भीतीनं, पण तिसऱ्यांदा भात कोणी भीतीनं मागते का? सुट्टी टाकून मी क्वार्टरवर बसलो आणि शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. धुकं काढून टाकलं. टेंभीच्या अंगणात गाव जेवायला बसतं. का बसतं, ते मी लिहिलेलं नाही. टेंभी स्वतःच्या हातानं वाढते, एकेकापुढं वाकून, आणि शेवटच्या ओळीत तिचा भात कमी पडतो.